रशीदभाईंची चार पानं

गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीचा फोन आला. नाशिकमधल्या छोट्या वर्तमानपत्रांवर ती प्रबंध लिहिते आहे. मी ज्या सांजदैनिकात वीस वर्षं काढली, त्याचे जुने अंक कुठे पाहायला मिळतील, असं तिनं विचारलं. मिळणार नाहीत, असं मी सांगितलं. कार्यालयात नाहीत. वाचनालयात नाहीत; सांजदैनिक कुणी जपून ठेवत नाही, महिनाअखेरीला रद्दीत जातं. कॉम्प्युटरवर? तिथेही नाहीत.

"म्हणजे सर, एवढी वर्षं रोज पेपर निघत होता, आणि एकही अंक नाही?"

मी टाळतो आहे, असं तिला वाटलं असावं. खरं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. ते द्यायचं तर रशीदभाईंबद्दल सांगावं लागतं.

रशीदभाई आमच्याकडे पानं लावायचे. अंक चार पानांचा, एकच मोठा कागद, मधे दुमडलेला. साडेबाराला पान छपाईला जायचं आणि तीनच्या आत बाजारात अंक यायचा. सकाळी आठ ते साडेबारा ते खुर्चीतून उठत नसत. चहा आला तर तो तसाच निवायचा. पान गेलं की ते उठायचे, दोन्ही तळहात एकमेकांवर झटकायचे, जणू हाताला काही लागलं आहे, आणि मग तो गार चहा बशीत ओतून प्यायचे. कुणी "गरम मागवू का?" म्हटलं, तर म्हणायचे, "राहू द्या. गरम हवा असता तर कामात प्यायलो नसतो का?"

उंची बेताची, खांदे पुढे झुकलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. राहायला जुन्या नाशकात. सायकलनं यायचे. बातमीदारांशी ते अदबीनं बोलायचे, पण त्या अदबीत कात्री असायची. एका सभेची माझी बातमी त्यांनी अर्ध्यावर आणली होती. मी तक्रार केली.

"निकमसाहेब, पुढारी तासभर बोलला म्हणून तुम्ही पण तासभर लिहायचं का?"

"अहो, पण मुद्दे होते त्यात."

"दोन होते. ते ठेवले आहेत. पान काही रबराचं नाही, साहेब."

मी पान पाहिलं. मुद्दे दोनच होते.

ते मूळचे जुळारी. मी रुजू झालो तेव्हा आमचा अंक शिशाच्या खिळ्यांवर निघत होता. लाकडी केसमध्ये प्रत्येक अक्षराचं वेगळं घर असायचं. जुळारी हस्तलिखित समोर ठेवून एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचा. छपाई झाली की उलटं काम. जुळवलेला मजकूर मोडायचा, खिळे पुसायचे आणि पुन्हा ज्याच्या त्याच्या घरात टाकायचे. हे काम संपल्याशिवाय जुळाऱ्यानं घरी जायचं नाही, हा दामूअण्णांचा नियम होता. दामूअण्णा हे तिथले सर्वांत जुने जुळारी. रशीदभाई त्यांच्या हाताखाली तयार झाले. कालचा मजकूर केसबाहेर राहिला तर उद्याच्या मजकुराला खिळे पुरत नाहीत, एवढं साधं ते गणित होतं. पण दामूअण्णांनी ते शिस्त म्हणून शिकवलं होतं आणि रशीदभाईंनी ते तसंच घेतलं होतं. छापून झालेला मजकूर उभा ठेवणं म्हणजे त्यांच्या लेखी आळस.

कॉम्प्युटर आला तेव्हा चार जुळारी होते. मालकांनी सांगितलं की मशीनवर एकालाच घेणार. कॉम्प्युटरसाठी काचेची वेगळी खोली केली, एसी बसवला, दाराला पडदा लावला. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. दसऱ्याला मालकांनी मॉनिटरला हळदकुंकू वाहिलं आणि नारळ सीपीयूवरच ठेवला. मुंबईहून आलेला इंजिनिअर अस्वस्थ होऊन म्हणाला, "फोडू मात्र नका हां त्याच्यावर."

रशीदभाईंनी कीबोर्डचं चित्र पुठ्ठ्यावर काढून घरी नेलं. तीन आठवडे ते जेवणाआधी पाटावर तो पुठ्ठा ठेवून बोटं चालवत. परीक्षेच्या दिवशी त्यांनी एक संपूर्ण बातमी न थांबता टाईप केली. दामूअण्णांना दहा मिनिटांत आपलं आडनाव लिहिता आलं नाही. ते उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "रशीद, केस भरून ठेवली आहे रे." दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. खिळे वजनावर विकले गेले.

त्या पहिल्या मशीनची हार्ड डिस्क चाळीस एमबीची होती. इंजिनिअरनं जाताना बजावलं होतं, "जुनं काढत जा, नाहीतर मशीन अडकेल." रशीदभाईंना ही सूचना नवी नव्हती. पुढे मशीनं बदलली, डिस्क शंभर पटींनी मोठ्या झाल्या, एसीची खोली गेली आणि कॉम्प्युटर उघड्या हॉलमध्ये येऊन बसले. सूचना मात्र कुणी बदलली नाही. रशीदभाई हॉलमध्येही चपला काढूनच मशीनसमोर बसायचे. नवी पोरं हसायची. "भाई, देऊळ नाही ते."

एकदा पावणेबाराला लाईट गेली. बॅटरीनं साथ दिली नाही आणि तयार झालेलं पहिलं पान गेलं. संपादकांनी डोक्याला हात लावला. लाईट वीस मिनिटांनी आली. रशीदभाईंनी पान पुन्हा लावायला घेतलं. आम्ही हातानं लिहिलेल्या कॉप्या टेबलावर पडल्या होत्या; त्यांच्याकडे त्यांनी क्वचितच पाहिलं. साडेबाराऐवजी पावणेएकला पान गेलं. मी नंतर माझी बातमी कॉपीशी ताडून पाहिली. एक शब्द कमी होता.

"'भीषण' विसरलात," मी म्हणालो.

"विसरलो नाही. काढला. सायकलला रिक्षा घासली, त्यात भीषण काय?"

ती गोष्ट आम्ही पुढे अनेकांना सांगितली. पानाची दुसरी प्रत मशीनमध्ये का नव्हती, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. मीही नाही. प्रश्न विचारणं हे माझं काम होतं.

कार्यालय भांडी बाजाराच्या उतारावर होतं. जुन्या अंकांच्या बांधीव फायली तळमजल्यावरच्या खोलीत होत्या. एका पावसाळ्यात गोदावरीला मोठा पूर आला. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला, पाणी बाजारात शिरलं आणि आमच्या तळमजल्यात दोन दिवस राहिलं. ओसरल्यावर खोली उघडली तेव्हा फायलींच्या विटा झाल्या होत्या. पान उलटायला गेलं की हातात लगदा यायचा. महापालिकेचा ट्रॅक्टर गाळाबरोबर त्याही घेऊन गेला. रशीदभाई ट्रॅक्टर वळेपर्यंत रस्त्यात उभे होते. मला वाटलं, सगळ्यांसारखं त्यांनाही वाईट वाटतं आहे. त्यांना काय कळून चुकलं होतं, ते मला नंतर समजलं.

पुरानंतर मालकांनी कारभार सूनबाईंकडे दिला. मुग्धा मॅडम पुण्यात शिकलेल्या, बोलायला नीट, हिशेबी. छापील अंक बंद करून वेबसाईट काढायची, असं त्यांनी ठरवलं. कॉम्प्युटरवरच्या इतर तिघांना निरोप दिला. रशीदभाईंना बोलावून त्या म्हणाल्या, "फायली गेल्या, पण पानं सगळी कॉम्प्युटरवरच झाली ना?"

"कॉम्प्युटरवरच झाली, मॅडम."

"मग झालं तर. तुम्ही जुने अंक काढून द्यायचे. वेबसाईटवर टाकू. आपल्याकडे दुसरं आहे काय? हेच आपलं भांडवल. दोन वर्षं राहिली आहेत ना तुमची? तेवढं काम पुरेल."

मी तिथेच बसलो होतो. रशीदभाई "हो" म्हणाले नाहीत आणि "नाही"ही म्हणाले नाहीत. मान हलवून निघून गेले. त्यांच्या पत्नीला जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरी नसरीन नावाची मुलगी होती, तिचं डी.एड.चं पहिलं वर्ष चालू होतं. घर या नोकरीवर होतं.

तीन आठवडे ते कोपऱ्यातल्या मशीनसमोर बसून होते. मॅडमनी एकदा विचारलं, तर म्हणाले, "चाललं आहे." एका दुपारी त्यांनी मला खूण केली.

"निकमसाहेब, बसा जरा. हे बघा."

स्क्रीनवर चार फायली होत्या. पान एक, पान दोन, पान तीन, पान चार. तारीख शेवटच्या अंकाची.

"आणि आधीचे अंक?"

"ह्याच फायली."

"म्हणजे?"

"रोज ह्याच उघडायच्या. पेपरचं नाव, चौकटी, बाजारभावाचा रकाना, सगळं तयार असतं. कालचा मजकूर काढायचा, आजचा भरायचा आणि सेव्ह करायचं."

"कालची कॉपी नाही ठेवायची?"

"कशाला ठेवू? छापला होता ना." त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले. "पक्कं काम म्हणजे कागद, साहेब. मशीन म्हणजे केस. मजकूर मोडूनच घरी जायचं. मी एक दिवस चुकलो नाही."

सोळा वर्षांचे अंक त्यांनी त्या चार फायलींवर लावले होते, आणि प्रत्येक दिवशी आदल्या दिवसाचा पुसला होता. मी म्हणालो, आजच्या आज मॅडमना सांगा. त्यांनी महिना मागितला.

"महिन्यात काय होणार आहे?"

"लोकांकडे असतील. कुणाच्या तरी घरी असतील. एवढे अंक खपत होते, ते काय सगळे जळाले?"

मी कुणाला काही बोललो नाही.

त्या महिन्यात ते दुपारी दोनला सायकल घेऊन निघायचे. लोक वर्तमानपत्र जपत नाहीत, कात्रण जपतात, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं. नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांकडे आमच्या अंकाची वही होती. तिच्यात फक्त शब्दकोडी होती, सोडवलेली. कुणी मुलीच्या निकालाचा फोटो ठेवला होता, कुणी वडिलांच्या निधनाची चौकट. फोटोच्या कडेनं कात्री फिरलेली, मागच्या बाजूला भलत्याच बातमीचा तुकडा. सातपूरला एका वर्कशॉपमध्ये जुने सुटे भाग आमच्या अंकात गुंडाळलेले सापडले. ऑइलनं कागद आरपार दिसत होता. दोन्ही बाजूंची अक्षरं एकमेकांवर चढली होती. रशीदभाईंनी तोही आणला.

बरेचसे कागद मिळाले ते स्वयंपाकघरात. फडताळात, डब्यांखाली, ट्रंकेच्या तळाला. बायका आधी साशंक असत. एका मावशींनी त्यांना दारातच अडवलं होतं, ती हकिकत त्यांनीच मला सांगितली.

"डब्याखालचा कागद? काय करायचा आहे तुम्हाला?"

"आमचाच आहे, मावशी. मीच केलेला."

"न्या बाई. पण मग माझं फडताळ उघडं ठेवून जाऊ नका."

तेव्हापासून ते पिशवीत कोरी रद्दी घेऊन फिरू लागले. डबे उतरवायचे, जुना कागद काढायचा, फळी पुसायची, मापानं नवा कागद घालायचा, डबे जागच्या जागी लावायचे. हाताला नेटकेपणा होता, त्यामुळे मावश्या शेजारणीला निरोप देऊ लागल्या. एका घरात त्यांना माळाही आवरायला सांगितला. त्यांनी तो आवरला. माळ्यावर काही निघालं नाही. वणीला एका हॉटेलवाल्याकडे गठ्ठा आहे असं ऐकून ते एसटीनं गेले. गठ्ठा होता, दुसऱ्या पेपरचा.

महिना संपायच्या आधीच मॅडमनी बोलावलं. वेबसाईटचा माणूस दुसऱ्या दिवशी येणार होता. रशीदभाई दारात अनवाणी उभे राहिले, हातात पिशवी.

"रशीदभाई, सीडी किती आणायला सांगू?"

"सीडी लागणार नाहीत, मॅडम."

"मग हार्ड डिस्कवरून घेईल तो?"

"नाही. काहीच नाही मॅडम. माझ्या हातानं पुसलं गेलं."

"पुसलं गेलं? कधी?"

"रोज."

मॅडमना समजायला वेळ लागला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं, निकम?"

"हो."

रशीदभाईंनी पिशवीतले कागद काढून टेबलावर मांडायला सुरुवात केली. डब्यांच्या बुडाचे गोल डाग, हळदीचे पिवळे हात, फळीच्या मापानं कापलेली अर्धी पानं. मॅडमनी दोन-तीन उचलून पाहिली आणि परत ठेवली.

"ही कात्रणं आहेत, रशीदभाई. मला अंक हवे होते."

"हो, मॅडम."

"मी तिघांना काढलं आणि तुम्हाला ठेवलं. कशासाठी ठेवलं होतं, तुम्हीच सांगा."

"बरोबर आहे, मॅडम."

मॅडमचा आवाज चढला नाही, रशीदभाईंनी विनवणी केली नाही. त्यांनी कागद पुन्हा एकावर एक रचले, कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या आणि पिशवीत भरले. त्या महिन्याच्या अखेरीला त्यांची नोकरी संपली. सहा महिन्यांनी वेबसाईटही बंद पडली. तिच्यावर टाकायला काही नव्हतं, हे एक कारण. इतरही होती.

नंतर ते एका नातेवाइकाच्या लग्नपत्रिकांच्या दुकानात सकाळी बसायचे. मी दुसऱ्या दैनिकात गेलो. मला वाटलं होतं, कागद गोळा करणं आता थांबेल, कारण मागणारं कुणी उरलं नव्हतं. ते थांबलं नाही. दुपारच्या सायकलफेऱ्या चालूच राहिल्या. नसरीन शिक्षिका झाली, तिनं त्यांना जुना लॅपटॉप घेऊन दिला. त्यांचा सोळा वर्षांचा कीबोर्ड आता कुठे चालत नव्हता. युनिकोड आलं होतं, कळांच्या जागा वेगळ्या. साठी ओलांडलेल्या माणसानं तिसऱ्यांदा अक्षरं शोधायला सुरुवात केली. मिळालेला प्रत्येक कागद ते नव्यानं टाईप करत, प्रत्येकाची वेगळी फाईल, तारीख असेल तर तारखेनं, नसेल तर तो ज्या घरातून मिळाला त्या घराच्या नावानं. तीन वर्षांपूर्वी ते गेले. नसरीननं मला एक पेन ड्राइव्ह आणून दिला. त्यात त्र्याहत्तर फायली आहेत. पुरा अंक एकही नाही. विद्यार्थिनीला मी त्या पाठवणार आहे.

ते जाण्याच्या आदल्या वर्षी त्यांनी मला निरोप पाठवून घरी बोलावलं. दुपारची वेळ होती. वरच्या मजल्यावरची लहान खोली, खिडकीखाली लॅपटॉप, शेजारी काचेच्या तुकड्याखाली सपाट करून ठेवलेला एक कागद. ते खूप वाळले होते.

"ही बातमी तुमची आहे, निकमसाहेब. नाव नाही, पण लिहिणं तुमचं आहे."

मी वाचली. सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये भिंत कोसळून तीन कामगार ठार झाल्याची बातमी. मथळा शाबूत होता. पहिला परिच्छेद शाबूत होता. दोन नावं, वयं, गावं नीट वाचता येत होती. त्यापुढे कागद फाटलेला होता. बातमी माझीच होती. मी तिथे गेलेलो असणार, कुणाशी तरी बोललेलो असणार. मला काही आठवेना.

"तिसऱ्याचं नाव काय होतं?"

"रशीदभाई, पंचवीस वर्षं झाली."

"मलाही आठवत नाही. महिनाभर प्रयत्न केला. म्हणून तुम्हाला बोलावलं."

नसरीन चहा ठेवून गेली. मी कागद खिडकीजवळ धरून पाहिला. फाटलेल्या कडेला एका अक्षराचा काना तेवढा शिल्लक होता.

"सोडून द्या ना ती ओळ. दोन नावांवर बातमी संपवा."

"मथळ्यात तीन आहेत, साहेब. वाचणारा मोजेल."

"सोमनाथ असावं," मी म्हणालो. का म्हणालो, सांगता येणार नाही.

त्यांनी बोटं कळांवर ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. "असावं, की होतं?"

मी कागद परत काचेखाली ठेवला. त्यांनी बोटं उचलून घेतली. स्क्रीनवर दुसऱ्या नावानंतर स्वल्पविराम होता, पुढे एका नावापुरती कोरी जागा आणि मग पूर्णविराम. ते वाट पाहत होते. चहा संपेपर्यंत मी बसलो, नंतरही थोडा बसलो. मग मला बैठकीला जायचं आहे, असं सांगून उठलो. त्यांनी मान हलवली, पण नजर माझ्यावरून काढली नाही.

जिना अर्धा उतरलो तेव्हा वरून त्यांचा आवाज आला, "आठवलं तर फोन करा हं, साहेब. केव्हाही."